निवृत्तीला १४ महिने राहिलेत, कपाटावरची गिटार खाली काढू का?

कपाटावरचा
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

निवृत्तीला १४ महिने उरलेत. कॉलेजात गिटार वाजवायचो. वाजवायचो म्हणजे दहा-बारा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), बरं स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) आणि बोटांनी वाजवायचे दोन-तीन तुकडे, इतकंच. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत चालू होतं, मग सुटलं. बदल्या, मुलं, आईबाबांची आजारपणं, तुम्हाला सगळं माहीतच आहे. गेली २७ वर्षं ती पिशवीत घालून कपाटावर आहे.

मागच्या रविवारी खाली काढली. पिशवीची चेन अर्ध्यात अडकली, कापावी लागली. पहिल्या तारेची खुंटी जराशी पिळली तर तार तुटून मनगटाला लागली. उरलेल्या पाच काळ्या पडल्यात, बोट फिरवलं की बोटाला गंजाचा वास. पण ई मायनर कॉर्ड धरायला गेलो आणि कुठलं बोट कुठल्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हे आठवेपर्यंत बोटं जागेवर जाऊन बसलेली! त्या आनंदात दोन रात्री झोप नीट लागली नाही.

विचारायचं असं की आत्ताच सुरू करू, की निवृत्तीनंतर निवांतपणे, शिक्षक लावून, नीट पहिल्यापासून? माझा कल दुसऱ्याकडे आहे. आत्ता घरी येईपर्यंत जीव अर्धा झालेला असतो, त्यात अर्धवट काही करून मन विटायला नको. शिवाय हीच दुरुस्त करू की नवी घेऊ? आणि खरं सांगा, या वयात बोटं वळतात का?

बेसूर_बाबा
आधी घरच्यांना विचारा, बोटांना नंतर.

मध्यलय
आत्ताच सुरू करा. मी तुमच्यासारखंच सगळं निवृत्तीवर टाकलं होतं. निरोप समारंभ झाला आणि दुसऱ्याच दिवशी बसलो की मांडी ठोकून. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पाचव्या दिवशी डाव्या अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ निघाली की बरणीचं झाकण उघडेना. दीड महिना गिटार भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती.

रिकामा वेळ आणि साठीचा हात, या दोघांना एकदम एकत्र सोडू नये. आत्ता वेळ कमी आहे हेच तुमच्या पथ्यावर आहे, इच्छा असली तरी जास्त वाजवता येणार नाही. रोज १५ मिनिटं. रविवारी दोन तास बसून तो हिशेब चुकता होत नाही, बोटांचे घट्टे आणि हाताचं वळण दोन्ही रोजच्या रोजच होतं.

निवांत_नाना
नवी घ्या हो. आयुष्यभर इतरांसाठी खर्च केलात. २७ वर्षं पडून असलेल्या लाकडात काय राहिलंय? मी घेतली, एकदम मस्त वाटतं.

रेवा
नाना, वाजवता पण ना? :)

निवांत_नाना
भिंतीवर छान दिसते.

खर्ज
नवी घ्यायच्या आधी जुनीची नाडी तरी बघा. दुरुस्ती हा माझा छंद आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

स्टीलच्या तारांच्या गिटारवर सहाही तारा मिळून साधारण ७० किलोचा ताण असतो. तारा ताणलेल्याच ठेवून २७ वर्षं पडली असेल तर तेवढा ताण गोंदावर आणि लाकडावर दिवसरात्र बसलेला आहे. म्हणून पहिलं काम, ब्रिजच्या (पोटावर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवून बघा. गेला तर ब्रिज सुटायला लागलाय. तसं असेल तर नव्या तारा चढवू नका, आधी ब्रिज परत चिकटवून घ्या. मग ब्रिजच्या मागे पोट किती फुगलंय ते बघा. थोडं फुगणारच, टेकाड दिसायला नको.

या दोन्हीत गिटार पास झाली की बारीक तारांचा नवा संच चढवा, म्हणजे पहिली, सगळ्यात बारीक तार .०१० किंवा .०११ इंचाची, आणि सूर लावून दोन दिवस जाऊ द्या. मग गळ्याची परीक्षा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबायची आणि त्याच वेळी गळा जिथे पोटाला मिळतो तिथे, बहुतेक १४व्या फ्रेटवर. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (गळ्याच्या आतला धातूचा दांडा) थोडा आवळावा लागेल. तो एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

सरतेशेवटी ऍक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. १२व्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. तुमची चार-पाच निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. अशा गिटारवर विशीतला पोरगाही रडतो, आणि आपण मात्र वयाला दोष देत बसतो.

निवांत_नाना
पाव फेऱ्याचं लिहिलंत ते बरं केलंत. जुन्या गिटारचा रॉड मी जोशात पूर्ण फिरवला होता. 'कट' असा एकच आवाज आला. म्हणूनच नवी घ्यावी लागली, आता सांगूनच टाकतो.

बेसूर_बाबा
आणि वर इतरांसाठी केलेल्या खर्चाची भाषणं! =))

रेवा
स्टीलच्या तारा बोटांना फार टोचत असतील तर नायलॉनच्या क्लासिकल गिटारचा विचार करा. ताण जवळपास निम्मा, ४० किलोच्या आसपास. गळा मात्र रुंद असतो, नटपाशी (गळ्याच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ५२ मिमी. स्टीलवाल्या गिटारचा ४३-४४ असतो. म्हणजे टोचणं कमी आणि ताणणं जास्त. माझी बोटं जाड आहेत, मला ती मोकळी जागाच मानवली. लहान हातांच्या माझ्या मैत्रिणीने चार महिन्यांत सोडून दिली.

एक सूचना. नायलॉनच्या गिटारवर 'आवाज खणखणीत येईल' म्हणून स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. तिचं पोट तो ताण सोसायला बनवलेलंच नसतं. हे मी माझ्याच हाताने करून बसलेय, तेव्हा ठामपणे सांगू शकते.

उपरा
बोटं वळतात का म्हणून विचारताय? क्लासिकल गिटारवाले सेगोविया नव्वदी ओलांडल्यावरही मैफली करत होते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांना संधिवाताने गाठलं होतं. २००९ साली वयाच्या ९४व्या वर्षी गेले, तरी त्यांचं दर आठवड्याचं वादन जवळजवळ अखेरपर्यंत चालू होतं. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा १९२८च्या आगीत डावा हात भाजला, करंगळी आणि अनामिका जवळपास कामातून गेल्या, उरलेल्या दोन बोटांवर त्याने सोलो वाजवले. तुमच्याकडे चारही आहेत, चला उठा!

स्पष्टवक्ती
जँगो तेव्हा १८ वर्षांचा होता. सेगोविया आणि लेस पॉल यांनी मध्ये २७ वर्षं गिटार कपाटावर ठेवली नव्हती. असली उदाहरणं वाचून माणूस आठवडाभर पेटतो आणि नंतर जास्तच खचतो.

उपरा
बरं मग ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा टोनी आयोमी घ्या. कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे कॉर्ड धरायचाच हात. प्लॅस्टिक वितळवून टोप्या केल्या, बारीक तारा घेतल्या आणि पुढे सूरही खाली उतरवले.

स्पष्टवक्ती
तोही तेव्हा १७ वर्षांचा. पण तारा बारीक केल्या आणि सूर उतरवले, हे घेण्यासारखं आहे. इथे कुणाला तरुण मुलाची जिद्द नकोय, युक्ती हवीय.

खर्ज
स्पष्टवक्तींशी सहमत, आणि ही युक्ती आकड्यांत सांगतो. सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. पूर्ण सूर उतरवला तर जवळजवळ २० टक्के. अर्धा सूर उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की पट्टी मूळचीच राहते, शिवाय कॅपोने नटपाशी तारांची उंचीही कमी होते. पहिले सहा महिने असं वाजवलं तर कुणी पोलिसात देत नाही.

आणि एफ बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवून धरायची) पहिल्या फ्रेटवर शिकायलाच जाऊ नका. नटच्या अगदी जवळ तार सगळ्यात कडक लागते, आणि ६४८ मिमी तारलांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट ३६ मिमी रुंद असतो, पाचवा २९. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. ए मेजर वाजेल, हाताला ताण निम्मा वाटेल. तिथे बसला की आठवड्याला एकेक फ्रेट खाली यायचं.

कपाटावरचा
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. कागद सरकवून पाहिला. गेला. चांगला बोटभर आत गेला. :(

खर्ज, तुमचा प्रतिसाद छापून कपाटाच्या दारावर चिकटवलाय. पण मूळ प्रश्नावर अजून माझं ठरत नाहीये. आत्ता खरंच वेळ नाही. ब्रिजचं कामही निवृत्तीनंतरच करून घेतो, म्हणजे सगळं एकदमच सुरू करता येईल.

स्पष्टवक्ती
राग मानू नका, पण वेळेचं कारण मला पटत नाही. २७ वर्षांत दिवसाची १५ मिनिटं नव्हती? आजारपणं, बदल्या सगळं मान्य, पण या काळात तुम्ही क्रिकेटचे सामने पाहिलेच असतील ना. वेळ नव्हता म्हणून गिटार सुटली असं आपण सगळेच सांगतो. मीही माझ्या चित्रकलेबद्दल हेच सांगायचे. खरं काय झालं होतं?

बेसूर_बाबा
धागा तापला. मी पुढच्या रांगेत जागा धरतो.

हाडांचा_हिशेब
तोवर थोडं कामाचं. माझा पेशाच हातांचा आहे, म्हणून लिहितो. इथे वाचून कुणी स्वतःचं निदान करू नका, पण बोटांच्या टोकांची आग आणि सांध्याचं दुखणं यात गल्लत नको. टोकांची आग दोन-चार आठवड्यांत घट्टे पडले की जाते. (आंघोळीनंतर लगेच वाजवू नका, कातडी मऊ झालेली असते.) सांधा दुखला तर मात्र त्या क्षणी थांबायचं, 'सवय होईल' हा न्याय तिथे लागू नाही.

मध्यलय यांना झालं ते मी नेहमी बघतो. डावा अंगठा गळ्याच्या मागून चिमट्यासारखा आवळला जातो आणि सगळा भार त्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो. उतारवयात झिजायला तो सांधा तसाही उत्सुकच असतो. तपासायचं कसं? कॉर्ड धरा, वाजवा, आणि अंगठा गळ्यापासून हळूच सोडवा. गिटार उजव्या कोपराखाली नीट टेकलेली असेल तर कॉर्ड बऱ्यापैकी तशीच वाजते. दाब दंडाच्या वजनातून यायला हवा, चिमट्यातून नाही. एकट्या अंगठ्याच्या जोरावर धरत असाल तर ते लगेच कळेल.

रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, किंवा बोट वाकून अडकत असेल आणि 'टक' करून सुटत असेल, तर आधी डॉक्टर, मग गिटार.

जुना_चष्मा
हातांबद्दल सगळे बोलतात, डोळे-कानांबद्दल कुणी बोलत नाही. माझी कथा ऐका.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (एकाच काचेत लांबचं-जवळचं दोन्ही) वाचायचा भाग तळाशी आणि हातभर अंतरासाठी असतो. नोटेशनचा स्टँड त्याहून लांब. मग हनुवटी वर करून काचेत ते अंतर शोधत वाजवायचो. तीन महिने मान धरली, मला वाटलं गिटारमुळे. शेवटी टेपने स्टँडचं अंतर मोजलं, ६५ सेंमी, आणि तेवढ्याच अंतराचा साधा चष्मा वेगळा करून घेतला. मान सुटली.

मग कान. तारा बोद्या वाजायला लागल्या म्हणून बदलल्या. परत बोद्या. दुसऱ्या प्रकारच्या घेतल्या, त्याही बोद्या. दुकानदाराशी जवळजवळ भांडलोच. एके दिवशी नातीने तीच गिटार वाजवून बघितली आणि म्हणाली, "आजोबा, किती चमचमते ना ही!" तेव्हा गप्पच बसलो. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. सूर कळतो, कारण सुट्या पहिल्या तारेची कंपनं सेकंदाला ३३०च असतात. पण तारेची झळाळी त्याच्या कितीतरी वर असते, ती गेली होती. बोदे झालेले माझे कान होते, तारा नाही.

आता कानाला यंत्र आहे. त्याचीही गंमत, लांबलेला सूर त्याला शिट्टीच वाटायचा आणि तो दाबायच्या नादात सूर थरथरायचा. तज्ज्ञाला सांगून संगीतासाठी वेगळी सेटिंग करून घेतली. यंत्र वापरणाऱ्यांनी ही सेटिंग नक्की मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही.

रेवा
'बोदे झालेले माझे कान होते' _/\_

अर्धस्वर
मी इथे लहान आहे (३४), पण काका, शिक्षकाची वाट बघू नका आणि माझ्यासारखं व्हिडिओंतही अडकू नका. माझ्याकडे दीडशेच्या वर धडे साठवलेले आहेत, पाहिलेत नऊ. आता एकच नियम, एका वेळी एक गाणं, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा. फार लाज वाटते, पण लय कुठे पळते ते दुसऱ्या कशानेही कळत नाही.

निवांत_नाना
रेकॉर्डिंगचा सल्ला माणुसकीला धरून नाही.

कपाटावरचा
स्पष्टवक्ती, चार दिवस तुमच्या प्रतिसादावर विचार करत होतो. रागही आला होता.

खरं काय झालं ते लिहितो, कारण इथे मला कुणी ओळखत नाही. ऑफिसची सहल होती. दरवर्षी मीच वाजवायचो, ते ठरलेलंच असायचं. त्या वर्षी नवीन लागलेला एक मुलगा होता, २३-२४चा. मी दोन गाणी वाजवली, टाळ्या झाल्या. मग कुणीतरी त्याला आग्रह केला आणि त्याने माझ्याच गिटारवर असं काही वाजवलं की सगळे बोलायचेच थांबले. तो पोरगा चांगला होता, गिटार परत देताना म्हणाला, "सर, तुमची ऍक्शन जरा उंच आहे." मी हसलो. घरी आल्यावर ती कपाटावर ठेवली. ठरवून नव्हे, नुसती ठेवली. मग बदली झाली आणि सांगायला कारण मिळालं.

आत्ता हे टंकताना लक्षात येतंय की तो खरंच ऍक्शनबद्दल बोलत होता.

खर्ज
आणि २७ वर्षांनी मी तेच सांगितलं. मोजली का?

कपाटावरचा
मोजली. १२व्या फ्रेटवर पावणेपाच मिलिमीटर.

खर्ज
पावणेपाचवर तुम्ही टाळ्या मिळवत होतात म्हणजे कमाल आहे.

स्पष्टवक्ती
लिहिलंत, बरं वाटलं. मी जरा जास्तच बोलले होते.

बेसूर_बाबा
मी विनोद करायला आलो होतो, आता काय करू?

मध्यलय
बाबा, तुम्ही वाजवून दाखवा.

उपरा
अवांतर: गिटारवर आपलं शास्त्रीय संगीत वाजवायचं असेल तर काय करावं लागतं? ब्रिजभूषण काब्रांचं ऐकून फार वाटतं.

रेवा
त्यासाठी वेगळा धागा काढा ना. थोडक्यात, ती मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी सरकवत वाजवतात, तारा मुद्दाम उंच असतात. म्हणजे धागाकर्त्यांची गिटार दुरुस्त न करता तशीच चालेल!

कपाटावरचा
हाहा, उशीर झाला. ब्रिज काढून, घासून, नव्याने चिकटवून आला. दुरुस्ती करणाऱ्याने क्लॅम्प लावून पूर्ण दिवस हातच लावू दिला नाही. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून घेतलं, ऍक्शन आता अडीच. नव्या तारा चढवल्या, अर्धा सूर खाली, कॅपो पहिल्यावर. पहिल्यांदा सी कॉर्ड वाजवली तेव्हा बायको आतल्या खोलीतून "टीव्ही लावलायस का?" म्हणाली. कौतुक समजून घेतलं.

निवृत्तीला अजून साडेबारा महिने आहेत.

जुना_चष्मा
स्टँडचं अंतर मोजा.

कपाटावरचा
मंडळी, धागा वर काढतोय. सात आठवडे झाले. रात्री जेवणानंतर १५ मिनिटं, आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस चुकतो. डाव्या हाताच्या तीन बोटांना घट्टे आले, करंगळीला अजून नाही. अंगठा सोडून बघायची परीक्षा पाच कॉर्डमध्ये पास, बी सेव्हनमध्ये नापास. रेकॉर्डिंग एकदाच केलं. लय पळते कुठली, ती तर मागे रेंगाळत होती.

एफचा आकार पाचव्यावरून खाली येत येत काल पहिल्या फ्रेटवर पोहोचला. सहापैकी पाच तारा वाजतात. दुसरी तार मात्र मुकी, कितीही दाबलं तरी 'ठक' करते. काय चुकतंय?

खर्ज
दाबू नका, बघा. एफमध्ये तर्जनीला सहाही तारा दाबायच्याच नसतात, फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तिन्ही दुसऱ्या बोटांकडे आहेत. दुसरी तार नेमकी तुमच्या तर्जनीच्या पेराच्या घडीत शिरत असेल. तर्जनी तीनेक मिलिमीटर वर सरकवा, म्हणजे घडी तारेवरून हटेल, आणि बोट जरा कडेवर, नटच्या बाजूला कलतं करा. कडेला हाड असतं, मांस नाही.

कपाटावरचा
सरकवली. दुसरी वाजली! आता पहिली ठकठकतेय.